संगणक जाळे आणि इंटरनेट : रचना, कार्यपद्धती व परस्परविश्वासाचे तत्त्व

प्रस्तावना :

माहिती तंत्रज्ञानाच्या युगात इंटरनेट हे केवळ करमणुकीचे वा पत्रव्यवहाराचे साधन राहिलेले नाही. शेतकऱ्याचा सातबारा उतारा, विद्यार्थ्याचा शिष्यवृत्तीचा अर्ज, बारावीचा निकाल, बँकेतील व्यवहार, रेल्वेचे आरक्षण अशी नित्याची अनेक कामे आज इंटरनेटवर अवलंबून आहेत. मात्र ज्या व्यवस्थेवर एवढा भार टाकला गेला आहे ती प्रत्यक्षात कशी चालते, याविषयी सर्वसामान्य वापरकर्त्याची कल्पना धूसरच असते. कोणी इंटरनेट म्हणजे एक प्रचंड संगणक समजतो, कोणी ते उपग्रहातून येते असे मानतो, तर कोणी त्याचा कोठेतरी एक मालक आणि एक मुख्य कार्यालय असेल असे गृहीत धरतो. या तिन्ही कल्पना वस्तुस्थितीला धरून नाहीत.

या अज्ञानाची किंमत वापरकर्त्याला मोजावी लागते. अर्ज भरण्याच्या अखेरच्या दिवशी पान उघडले नाही की ‘नेट बंद आहे’ एवढेच निदान केले जाते. दोष घरातील जोडणीत आहे, सेवा पुरवणाऱ्या कंपनीत आहे की संबंधित खात्याच्या संगणकात आहे, हे न कळल्यामुळे तक्रार कोणाकडे करावी हेही कळत नाही. म्हणून संगणक जाळ्याचे प्राथमिक ज्ञान हे केवळ संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यापुरते मर्यादित न राहता सर्वांपर्यंत पोहोचणे आवश्यक ठरते.

इंटरनेट हे एकच एक यंत्र नसून हजारो स्वतंत्र जाळ्यांनी समान नियम पाळण्याचे मान्य करून उभारलेली व्यवस्था आहे. तिचे सामर्थ्य या सहमतीत आहे आणि तिचे दुबळेपणही त्याच सहमतीत आहे, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे.

लेखाची उद्दिष्टे :

१) संगणक जाळे व इंटरनेट या संकल्पना स्पष्ट करणे.
२) माहिती एका संगणकाकडून दुसऱ्या संगणकाकडे कशी जाते हे टप्प्याटप्प्याने समजून घेणे.
३) इंटरनेट खंडित झाल्याच्या काही प्रत्यक्ष घटनांवरून त्याच्या मर्यादा जाणून घेणे.
४) बिघाड ओळखण्यासाठी सामान्य वापरकर्त्यास उपयुक्त अशी दृष्टी देणे.

१. संगणक जाळे : अर्थ व प्रकार

दोन किंवा अधिक संगणक परस्परांशी माहितीची देवाणघेवाण करू शकतील अशा रीतीने जोडले असता संगणक जाळे तयार होते. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतील वीस संगणक वायरींनी एका स्विचला जोडले आणि त्यांतील कोणत्याही संगणकावरून एकाच प्रिंटरवर छपाई करता येऊ लागली, तर ते स्थानिक जाळे होय. अशा जाळ्यासाठी आजही वापरली जाणारी ‘इथरनेट’ ही पद्धती सन १९७३ मध्ये अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ व त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित करण्यास प्रारंभ केला. वायरीऐवजी रेडिओ लहरींचा उपयोग केल्यास त्याच स्थानिक जाळ्याला ‘वाय-फाय’ असे म्हटले जाते. म्हणजे वाय-फाय आणि इंटरनेट हे समानार्थी शब्द नव्हेत. वाय-फाय सुरू असूनही इंटरनेट नसणे सहज शक्य आहे, कारण वाय-फाय ही केवळ घरातल्या घरातील जोडणी आहे.

एखाद्या बँकेच्या निरनिराळ्या शहरांतील शाखा जेव्हा जोडल्या जातात, तेव्हा विस्तृत जाळे तयार होते. अशी स्थानिक व विस्तृत जाळी एकमेकांना जोडली गेली की ‘जाळ्यांचे जाळे’ अस्तित्वात येते. यालाच इंटरनेट असे संबोधले जाते. यातील प्रत्येक जाळ्याला मालक आहे, परंतु संपूर्ण इंटरनेटला मालक नाही. नावे व पत्ते यांच्या वाटपात सुसूत्रता राहावी यासाठी सन १९९८ मध्ये ‘आयकॅन’ ही संस्था स्थापन झाली. तथापि तिचे कार्य समन्वयाचे आहे, मालकीचे नाही.

भारतात शैक्षणिक क्षेत्रासाठी ‘अर्नेट’ हा प्रकल्प सन १९८६ मध्ये सुरू झाला. मुंबईतील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र, आय.आय.टी. व बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्था यांचा त्यात सहभाग होता. सर्वसामान्य जनतेसाठी मात्र इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमामार्फत खुली झाली.

२. पॅकेट पद्धती : माहितीचे तुकडे

जुन्या दूरध्वनी पद्धतीत बोलणे सुरू होण्यापूर्वी दोन ठिकाणांमध्ये एक अखंड मार्ग राखून ठेवला जाई. बोलणारे काही काळ गप्प राहिले तरी तो मार्ग इतरांना मिळत नसे. संगणकांच्या देवाणघेवाणीत माहिती सलग नसते. क्षणभर पुष्कळ माहिती जाते आणि नंतर काही काळ शांतता असते. त्यामुळे राखीव मार्गाची पद्धत येथे फार खर्चिक ठरते.

यावर उपाय म्हणून सन १९६० च्या दशकात अमेरिकेत पॉल बॅरन आणि ब्रिटनमध्ये डोनाल्ड डेव्हिस यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे एकच कल्पना मांडली. माहितीचे लहान लहान तुकडे करावेत, प्रत्येक तुकड्यावर पाठवणाऱ्याचा व घेणाऱ्याचा पत्ता लिहावा आणि ज्या क्षणी मार्ग मोकळा असेल त्या क्षणी तो पुढे पाठवावा, अशी ती कल्पना होय. या तुकड्यांना ‘पॅकेट’ हे नाव डेव्हिस यांनी दिले. पॅकेट पद्धतीमुळे एकाच वायरीतून हजारो लोकांची माहिती आलटून पालटून जाऊ शकते.

याचे एक उदाहरण पाहता येईल. मराठीतील ‘नमस्कार’ हा शब्द संगणकाच्या दृष्टीने न, म, स, हलन्तचिन्ह, क, काना व र अशा सात चिन्हांचा बनतो. इंटरनेटवर सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या युनिकोडच्या ‘यूटीएफ-८’ पद्धतीत देवनागरीतील प्रत्येक चिन्हासाठी ३ बाइट लागतात. त्यामुळे हा शब्द २१ बाइटचा, म्हणजेच १६८ बिटांचा होतो. बिट म्हणजे शून्य किंवा एक यांपैकी एक खूण. एवढा लहान मजकूर एकाच पॅकेटमध्ये मावतो. इथरनेटवरील एका पॅकेटची कमाल मर्यादा सामान्यतः १५०० बाइट असते व त्यातील सुमारे ४० बाइट पत्ते, क्रमांक इत्यादी तपशिलासाठी खर्च होतात. म्हणून ३० लाख बाइटचे एक छायाचित्र पाठवायचे झाल्यास त्याचे दोन हजारांहून अधिक तुकडे होतात. प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे प्रवास करतो.

या पद्धतीवर आधारलेल्या ‘अर्पानेट’ या जाळ्यावरील पहिला संदेश २९ ऑक्टोबर १९६९ रोजी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील संगणकावरून स्टॅनफर्ड संशोधन संस्थेकडे पाठवण्यात आला. ‘लॉगिन’ हा शब्द पाठवायचा होता. परंतु पहिली दोन अक्षरे पोहोचताच पलीकडील संगणक बंद पडला. हा बिघड नंतर दूर करण्यात आला व संपर्क साधला गेला. अर्पानेट हेच पुढे इंटरनेटच्या जडणघडणीचा पाया ठरले.

३. समान नियम : आयपी व टीसीपी

निरनिराळ्या कंपन्यांची यंत्रे एकमेकांशी बोलू शकतात याचे कारण त्यांनी समान नियम स्वीकारलेले आहेत. अशा नियमसंचाला ‘प्रोटोकॉल’ असे म्हणतात. विंटन सर्फ व रॉबर्ट कान यांनी सन १९७४ मध्ये भिन्न जाळी जोडण्याची पद्धत मांडली. तीतून विकसित झालेले ‘टीसीपी’ आणि ‘आयपी’ हे दोन प्रोटोकॉल अर्पानेटने १ जानेवारी १९८३ रोजी स्वीकारले. इंटरनेटचे हे नियम गोपनीय नाहीत. ‘आरएफसी’ या नावाने सन १९६९ पासून प्रसिद्ध होत आलेले दस्तऐवज कोणालाही विनामूल्य वाचता येतात.

या दोन नियमांमध्ये कामाची स्पष्ट विभागणी आहे. ‘आयपी’चे काम पॅकेट दिलेल्या पत्त्याच्या दिशेने पुढे ढकलणे एवढेच आहे. ते पोहोचेलच याची हमी आयपी देत नाही. वाटेत गर्दी झाली तर पॅकेट टाकूनही दिले जाते. ‘टीसीपी’ मात्र दोन्ही टोकांच्या संगणकांवर काम करते. ते प्रत्येक तुकड्याला क्रम देते, पलीकडून पोच आली की नाही हे पाहते, पोच न आल्यास तोच तुकडा पुन्हा पाठवते आणि उशिरा आलेले तुकडे मूळ क्रमाने लावून घेते. मधले जाळे साधे ठेवावे आणि जबाबदारी टोकांवर सोपवावी, हे या रचनेचे सूत्र आहे. मधल्या यंत्रांवर कामाचा बोजा कमी असल्यामुळेच इंटरनेट एवढे विस्तारू शकले.

इंटरनेटवर वावरण्यासाठी संगणकाला आयपी पत्ता लागतो. चौथ्या आवृत्तीचा पत्ता ३२ बिटांचा असल्यामुळे एकूण ४,२९,४९,६७,२९६ इतकेच पत्ते शक्य होतात. जागतिक साठ्यातील अशा पत्त्यांचे शेवटचे गट फेब्रुवारी २०११ मध्ये वाटले गेले. त्यावर दोन उपाय योजण्यात आले. पहिला उपाय म्हणजे एका संस्थेतील अनेक संगणकांनी बाहेरच्या जगासाठी एकच सार्वजनिक पत्ता वापरणे. कार्यालयातील अनेक टेबलांसाठी टपालाचा एकच पत्ता असावा तसे हे आहे. दुसरा व कायमस्वरूपी उपाय म्हणजे १२८ बिटांच्या पत्त्यांची सहावी आवृत्ती होय.

४. नावाचे पत्त्यात रूपांतर : डीएनएस

संगणकाला अंकांचा पत्ता सोयीचा वाटतो, तर माणसाला नाव सोयीचे वाटते. प्रारंभीच्या काळात सर्व संगणकांची नावे व पत्ते यांची एकच यादी स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत ठेवली जाई आणि इतर ठिकाणचे लोक तिची प्रत उतरवून घेत. संगणक वाढले तसे हे काम अशक्य होऊ लागले. सन १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी ‘डीएनएस’ ही विभागलेली नोंदपद्धती तयार केली.

या पद्धतीत संकेतस्थळाचे नाव शेवटाकडून सुरुवातीकडे वाचले जाते. भारतातील एखाद्या महाविद्यालयाचे नाव ‘डॉट एसी डॉट इन’ असे संपत असेल, तर प्रथम मूळ नोंदणी सर्व्हरला ‘इन’ची नोंद कोणाकडे आहे हे विचारले जाते. तेथून मिळालेल्या सर्व्हरकडे ‘एसी’ची आणि शेवटी त्या महाविद्यालयाच्या नावाची चौकशी होते. गावातील घर शोधताना आधी जिल्हा, मग तालुका, मग गाव असा शोध घेतला जावा तशीच ही रीत आहे. मिळालेले उत्तर काही काळ स्मरणात ठेवले जाते. त्यामुळे प्रत्येक वेळी एवढी विचारपूस करावी लागत नाही.

मराठी वाचकांच्या दृष्टीने एक बाब उल्लेखनीय आहे. सन २०१४ मध्ये ‘डॉट भारत’ हे देवनागरीतील क्षेत्रनाम उपलब्ध झाले. मात्र डीएनएसचे मूळ व्यवहार रोमन अक्षरांवर आधारलेले असल्यामुळे देवनागरी नावाचे आतल्या आत रोमन अक्षरे व अंक यांच्या एका सांकेतिक रूपात रूपांतर केले जाते. वापरकर्त्याला ते सहसा दिसत नाही.

५. मार्गनिश्चिती : राऊटर व परस्परविश्वास

दोन जाळी जोडणाऱ्या यंत्रास राऊटर म्हणतात. राऊटरकडे संपूर्ण मार्गाचा नकाशा नसतो. अमुक पत्त्याकडे जाणारे पॅकेट पुढच्या कोणत्या राऊटरकडे द्यावे, एवढेच त्याला माहीत असते. कोल्हापूरहून नागपूरला निघालेल्या प्रवाशाने प्रत्येक चौकात फक्त पुढचे वळण विचारावे व तरीही तो नागपूरला पोहोचावा, तसा हा प्रकार आहे. एखादा रस्ता बंद झाल्यास राऊटर दुसरे वळण दाखवतो. त्यामुळे एका ठिकाणच्या बिघाडाने संपूर्ण इंटरनेट थांबत नाही.

राऊटरला ही माहिती मिळते कोठून? मोठी जाळी ‘बीजीपी’ या प्रोटोकॉलद्वारे आपल्या शेजारच्या जाळ्यांना ‘अमुक पत्ते माझ्यामार्फत गाठता येतील’ असे घोषित करतात. शेजारी ती घोषणा आपल्या शेजाऱ्यांना कळवतात आणि अशा रीतीने ती जगभर पसरते. मूळ बीजीपीमध्ये ही घोषणा खरी आहे की खोटी हे पडताळण्याची सोय नव्हती. शेजाऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवणे हाच तिचा आधार होता.

जाळी एकमेकांना कोठे जोडली आहेत यावरही बरेच अवलंबून असते. पूर्वी भारतातील दोन सेवा पुरवठादारांच्या ग्राहकांमधील माहिती पुष्कळदा परदेशात जाऊन परत येत असे. हा द्राविडी प्राणायाम टाळण्यासाठी सन २००३ मध्ये ‘निक्सी’ ही संस्था स्थापन झाली. तिच्या केंद्रांत भारतीय पुरवठादार देशातच माहितीची अदलाबदल करू शकतात.

६. समुद्राखालील केबल

खंडांमधील इंटरनेटची बहुतांश वाहतूक उपग्रहातून नव्हे, तर समुद्रतळावरील ऑप्टिकल फायबर केबलमधून होते. काचेच्या केसासारख्या तंतूंतून प्रकाशाचे स्पंद सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर वेगाने जातात. या हिशेबाने ७,००० किलोमीटरचे अंतर कापण्यास सुमारे ३५ मिलिसेकंद पुरतात. याउलट भूस्थिर उपग्रह पृथ्वीपासून सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतो. सिग्नल वर जाऊन खाली येईपर्यंत सुमारे २४० मिलिसेकंद लागतात. अलीकडे कमी उंचीवरून फिरणाऱ्या उपग्रहांमुळे हा विलंब पुष्कळ कमी झाला आहे. तरी वाहून नेण्याच्या क्षमतेत केबलच पुढे आहेत.

या बाबतीत मुंबईचे स्थान जुने आहे. सन १८७० मध्येच मुंबई समुद्री तारेने तांबड्या समुद्रामार्गे ब्रिटनशी जोडली गेली होती. आजही युरोपकडे जाणाऱ्या अनेक फायबर केबल मुंबईच्या किनाऱ्यावरून निघून त्याच तांबड्या समुद्रातून व इजिप्तमार्गे जातात. तारायंत्र जाऊन इंटरनेट आले तरी चिंचोळी वाट तीच राहिली आहे.

७. इंटरनेट व वेब यांतील भेद

इंटरनेट आणि वर्ल्ड वाईड वेब हे शब्द सरसकट एकाच अर्थाने वापरले जातात. वास्तविक इंटरनेट हा रस्ता आहे आणि वेब ही त्या रस्त्यावरून धावणाऱ्या अनेक सेवांपैकी एक आहे. ई-मेल वेबच्याही आधीपासून अस्तित्वात होती. वेबची कल्पना टिम बर्नर्स-ली यांनी सन १९८९ मध्ये जिनिव्हाजवळील ‘सर्न’ या संस्थेत मांडली आणि ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने ती सर्वांसाठी विनामूल्य खुली केली.

ब्राउझरमध्ये संकेतस्थळाचे नाव लिहिल्यावर पुढील क्रिया घडतात. डीएनएसकडून आयपी पत्ता मिळतो. त्या पत्त्यावरील सर्व्हरशी संपर्क जोडला जातो. मजकूर वाटेत कोणी वाचू वा बदलू नये म्हणून तो कूटबद्ध करण्याचे ठरते. त्यानंतर ब्राउझर पानाची मागणी करतो आणि सर्व्हर ते पान पॅकेटच्या रूपाने पाठवतो. सामान्यतः या सर्व क्रिया एक-दोन सेकंदांत पूर्ण होतात.

८. व्यवस्था कोलमडते तेव्हा : तीन घटना

पहिली घटना ३० जानेवारी २००८ ची आहे. इजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळ दोन समुद्री केबल तुटल्या आणि इजिप्तसह भारतातील इंटरनेट सेवा मंदावली. भारतीय पुरवठादारांनी बरीच वाहतूक पूर्वेकडील मार्गांनी वळवली. सेवा मंद झाली, परंतु पूर्णपणे थांबली नाही. येथे दोष भौतिक मार्गात होता आणि पर्यायी मार्गांनी व्यवस्था सावरली.

दुसरी घटना त्याच वर्षी २४ फेब्रुवारीची आहे. पाकिस्तानात ‘यूट्यूब’ बंद करण्याचा आदेश निघाला. तो अमलात आणण्यासाठी पाकिस्तान टेलिकॉमने यूट्यूबचे काही पत्ते आपल्याकडेच असल्याची घोषणा केली. ती देशाच्या सीमेत राहायला हवी होती. पण हाँगकाँगमधील एका पुरवठादारामार्फत ती जगभर पसरली. राऊटर नेहमी अधिक नेमक्या पत्त्याच्या घोषणेला प्राधान्य देतात. ही घोषणा अधिक नेमकी असल्यामुळे जगाच्या मोठ्या भागातून यूट्यूबकडे जाणारी पॅकेट पाकिस्तानकडे वळली व सुमारे दोन तास ही सेवा विस्कळीत झाली. केबल शाबूत होत्या, सर्व्हरही चालू होते. दगा दिला तो शेजाऱ्याच्या शब्दाने. त्यानंतरच्या काळात, कोणते पत्ते कोणी घोषित करावेत याच्या स्वाक्षरीयुक्त नोंदी तपासण्याची पद्धत पुष्कळ जाळ्यांनी स्वीकारली आहे.

तिसरी घटना ४ ऑक्टोबर २०२१ ची आहे. ‘फेसबुक’ कंपनीच्या जाळ्यात देखभालीच्या वेळी दिलेल्या एका चुकीच्या आज्ञेमुळे तिच्या माहिती केंद्रांमधील जोडणी तुटली. त्यामुळे कंपनीच्या डीएनएस सर्व्हरांनी आपल्या पत्त्यांच्या बीजीपी घोषणा आपोआप मागे घेतल्या. परिणामी फेसबुक, व्हॉट्सॲप व इन्स्टाग्राम सुमारे सहा तास जगभर बंद राहिले. इंटरनेट व्यवस्थित चालू होते, परंतु या कंपनीचे नाव सांगितल्यावर पत्ता सांगणारे कोणी उरले नव्हते.

९. ‘नेट बंद आहे’ या तक्रारीचे पृथक्करण

वरील विवेचनाच्या आधारे सामान्य वापरकर्त्यास बिघाडाचे स्थान पुढीलप्रमाणे शोधता येते.

१) राऊटरवरील दिवा लागलेला नसेल किंवा वाय-फाय जोडलेच जात नसेल, तर दोष घरातील स्थानिक जाळ्यात असण्याचा संभव असतो.
२) वाय-फाय जोडलेले आहे, पण कोणतेच संकेतस्थळ उघडत नाही. अशा वेळी दोष सेवा पुरवठादाराकडील जोडणीत किंवा डीएनएसमध्ये असू शकतो. ‘पिंग’ या आज्ञेने अंकी पत्त्यावरील संगणक उत्तर देत असेल आणि नावाने मात्र मिळत नसेल, तर दोष डीएनएसचा समजावा.
३) इतर सर्व संकेतस्थळे उघडतात, पण एकच उघडत नाही. मोबाइलच्या नेटवरूनही तीच स्थिती असल्यास दोष बहुधा त्या संकेतस्थळाच्या सर्व्हरकडे असतो. निकालाच्या दिवशी वा अर्जाच्या अखेरच्या तारखेला एकाच वेळी लाखो मागण्या आल्याने असे घडते.

तिसऱ्या प्रकारात घरातील राऊटर पुन्हा पुन्हा बंद करून काहीही साध्य होत नाही. पडद्यावरील संदेशाचे वेळेसह छायाचित्र जपून ठेवणे आणि संबंधित खात्याकडे मुदतवाढीची मागणी करणे हाच तेथे योग्य मार्ग ठरतो. ‘माझे नेट खराब होते’ असे मान्य करून विद्यार्थी गप्प बसला, तर दोष नसताना हानी मात्र त्याच्या पदरी पडते.

समारोप :

संगणक जाळ्याची रचना पाहता असे दिसून येते की, इंटरनेटच्या प्रत्येक पातळीवर कोणीतरी कोणाच्या तरी शब्दावर विसंबून आहे. संगणक डीएनएसच्या उत्तरावर, राऊटर शेजारच्या राऊटरच्या घोषणेवर आणि पाठवणारा घेणाऱ्याच्या पोचेवर विसंबून असतो. कोणत्याही मध्यवर्ती मालकाशिवाय केवळ समान नियमांच्या आधारे एवढी मोठी व्यवस्था चालणे, ही विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील एक महत्त्वाची उपलब्धी होय. मात्र ज्या व्यवस्थेला मालक नाही, तिच्या बिघाडाला एकच एक उत्तरदायी व्यक्तीही सापडत नाही. म्हणून कोणत्या टप्प्याला कोण जबाबदार आहे हे जाणून घेणे वापरकर्त्याच्या हिताचे आहे. शासकीय सेवा जसजशा केवळ इंटरनेटमार्फत उपलब्ध होतील, तसतसे हे ज्ञान तांत्रिक न राहता नागरिकत्वाच्या शिक्षणाचा भाग बनणार आहे. महाविद्यालयांनी सर्व विद्याशाखांच्या प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांना संगणक चालवण्याबरोबरच जाळ्याची ही मूलतत्त्वेही शिकवावीत, एवढी अपेक्षा येथे व्यक्त करणे उचित ठरेल.